सेकंदाचा साठावा भाग

'गॉड ऑफ वॉर'मधला क्रेटोस कुऱ्हाड फेकतो. ती गरगरत जाते आणि समोरच्या झाडाच्या बुंध्यात खच्चकन रुतते. मी कंट्रोलरवरचं त्रिकोणाचं बटण दाबते. कुऱ्हाड बुंध्यातून सुटते, हवा कापत परत निघते, वाटेत एखादा शत्रू उभा असलाच तर त्याच्या पाठीत तडाखा देते आणि क्रेटोसच्या तळहातात येऊन बसते. त्याच क्षणी त्याचा हात मागे ढकलला जातो, पडद्यावरचं दृश्य किंचित हादरतं आणि माझ्या हातातल्या कंट्रोलरमध्ये एकच जोरकस ठोका उमटतो. हातात असतं पावशेरभर प्लॅस्टिक, पण जाणवते ती जड लोखंडी कुऱ्हाड.

समोर एकही शत्रू नसताना, नुसत्या सुखासाठी ती कुऱ्हाड फेकत आणि झेलत मी किती वेळ बसले असेन, सांगता येणार नाही. हा गेम २०१८ साली आला. कोरी बार्लॉग यांच्या दिग्दर्शनाखाली सांता मोनिका स्टुडिओनं तो केला. आरंभापासून शेवटापर्यंत कॅमेरा एकदाही 'कट' होत नाही, आणि गोष्ट आहे एका अबोल बापाची आणि त्याच्या मुलाची. या दोन्हींचं खूप कौतुक झालं, ते रास्तच आहे. मला मात्र अजूनही थक्क करते ती कुऱ्हाड हातात बसण्याची एवढीशी घटना.

कन्सोलवरचे ॲक्शन गेम हा माझा कैक वर्षांचा छंद. न खेळणाऱ्याला बाहेरून एवढंच दिसतं, की सोफ्यावर बसलेलं माणूस बटणं बडवतंय आणि पडद्यावर हाणामारी चाललीय. खरी गंमत बाहेरून दिसत नाही, कारण ती सेकंदाच्या साठाव्या भागात घडते. चित्रं, संगीत, कथा हे सगळं हवंच. पण ॲक्शन गेम उभा राहतो तो वेळेच्या कारागिरीवर. ही कारागिरी एकदा कळली, की खेळण्यातली मजा वाढते आणि नुसतं बघण्यातलीसुद्धा. म्हणून ती इथे उलगडून सांगावीशी वाटते.

तीस हजार ठोक्यांची मुदत

१५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये निंटेंडोचा 'फॅमिकॉम' बाजारात आला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे जे 'व्हिडिओ गेम' मिळायचे, ज्यांच्या 'कॅसेट'मध्ये मारिओ आणि कॉन्ट्रा असायचे, ते बहुतेक याच फॅमिकॉमच्या नकला होत्या.

त्या काळच्या जपानी टीव्हीवर सेकंदाला सुमारे ६० वेळा चित्र नव्यानं रेखाटलं जाई. त्यामुळे गेममधलं जगही सेकंदाला ६० वेळा पुढे सरके. अशा एका खेपेला 'फ्रेम' म्हणतात. एका फ्रेमच्या वाट्याला येतात १६.७ मिलिसेकंद. तेवढ्यात कन्सोलनं काय काय उरकायचं? कोणतं बटण दाबलंय ते बघायचं, नायकाला आणि प्रत्येक शत्रूला जरासं पुढे न्यायचं, कोण कोणाला धडकलं ते तपासायचं, आवाज सांभाळायचा आणि पुढचं चित्र मांडून ठेवायचं. फॅमिकॉमच्या प्रोसेसरचा वेग होता १.७९ मेगाहर्ट्‌झ. म्हणजे एका फ्रेममध्ये त्याच्या घड्याळाचे जेमतेम तीस हजार ठोके पडत, आणि साध्यातल्या साध्या आज्ञेलाही किमान दोन ठोके खर्ची पडत. कामापुरती मेमरी होती २ किलोबाइट. काम वेळेत संपलं नाही, तर खेळ अडखळायचा.

आजचा प्लेस्टेशन ५ त्याच्या कैक लाख पटींनी काम उपसतो. पण सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर त्यालाही मुदत मिळते ती १६.७ मिलिसेकंदांचीच. चाळीस वर्षांत यंत्रं ओळखू न येण्याइतकी बदलली; मुदत तीच राहिली. या गोष्टीचं मला फार अप्रूप वाटतं.

यंत्राला ही मुदत झेपली नाही, त्यातून काय घडलं याची एक सुंदर गोष्ट आहे. १९७८ साली तोमोहिरो निशिकादो यांनी ताइतो कंपनीसाठी 'स्पेस इनव्हेडर्स' बनवला. पडद्यावर अकरा-अकराच्या पाच रांगांत ५५ परग्रहवासी. एवढ्या आकृत्या हलवताना त्या वेळच्या प्रोसेसरची दमछाक व्हायची. खेळाडू एकेक परग्रहवासी टिपत गेला, की यंत्राचं ओझं हलकं होई आणि उरलेले जास्त वेगानं सरकू लागत. शेवटी उरलेला एकटा तर सुसाट धावे. निशिकादोंनी हे दुरुस्त केलं नाही, मुद्दाम तसंच ठेवलं. जिंकत जाल तसतसा पेच कठीण होत जाईल, हा ॲक्शन गेमचा पायाभूत नियम असा यंत्राच्या दमछाकीतून आला. १९८० साली हा गेम अटारीच्या घरगुती कन्सोलवर आला आणि त्यानं त्या कन्सोलचा खप भराभर वाढवला.

फ्रेमची सत्ता किती चालते, ते 'सॉनिक द हेजहॉग' या १९९१ सालच्या गेममध्ये दिसतं. जपान-अमेरिकेतल्या टीव्हीची लय ६० ची, तर युरोपातल्या टीव्हीची, आणि आपल्या भारतातल्याही, ५० ची. गेम तोच आणि आज्ञाही त्याच; पण युरोपातल्या यंत्रांवर जगातला हा सगळ्यांत वेगवान हेजहॉग आणि त्याच्यामागचं संगीत, दोन्ही सुमारे एक षष्ठांशानं संथ झाले.

उडीतलं गुरुत्वाकर्षण

१९८५ सालचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' मी आजही लावते. शिगेरू मियामोतो, ताकाशी तेझुका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अख्खा गेम ४० किलोबाइटमध्ये बसवला. मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोही याच्या कितीतरी पट मोठा असतो. जागा वाचवायची म्हणून आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपं ही एकच आकृती आहे. ढगाला पांढरा रंग दिला आणि झुडपाला हिरवा. इतक्या ओढाताणीतही एका गोष्टीवर त्यांनी हात आखडता घेतला नाही, ती म्हणजे उडी.

बटण नुसतं टिचकलं तर मारिओ छोटी उडी मारतो, दाबून धरलं तर उंच. हवेत असतानाही त्याला मागेपुढे वळवता येतं, जे खऱ्या देहाला शक्य नाही. आणि त्याहून नवलाची गोष्ट अशी, की वर जाताना त्याच्यावर कमी गुरुत्वाकर्षण चालतं आणि खाली येताना जास्त. खऱ्या जगात वर फेकलेली वस्तू ज्या चालीनं चढते त्याच चालीनं उतरते. पडद्यावर तशी उडी मांडली, तर ती ढिली आणि तरंगती वाटते. म्हणून मियामोतोंनी मारिओसाठी वेगळं निसर्गशास्त्र लिहिलं, ज्यात अंगठ्याला जे खरं वाटेल तेच खरं.

या गेमची पहिली पातळी मी नवख्या माणसाला खेळायला देते आणि शेजारी बसून बघते. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा असतो आणि उजवीकडे सगळं मोकळं, त्यामुळे जायचं कुठे ते सांगावं लागत नाही. चार पावलांवर भुवया आकसलेला तपकिरी 'गुंबा' समोरून येतो. त्याला धडकलात तर मेलात, पण नुकसान किती, तर काही सेकंदांचं. लगेच पुन्हा सुरुवात. उडी मारलीत तर एक तर गुंबा चिरडला जातो किंवा डोकं प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्याला लागून नाणं निघतं. दुसऱ्या ठोकळ्यातून मशरूम निघतं, उजवीकडे सरकत जातं, खाली पडतं, हिरव्या पाइपला आपटून उलटं फिरतं आणि थेट तुमच्या अंगावर येतं. नुकतंच गुंबानं मारलेलं असल्यामुळे नवखा माणूस घाबरून उडी मारायला जातो. पण वर ठोकळ्यांचं छत आहे! डोकं आपटतं, मारिओ खाली येतो आणि मशरूम त्याला लागतंच. मारिओ मोठा होतो. वाईट दिसणारं टाळायचं, मशरूम घ्यायचं, ठोकळे फोडायचे, हे सगळं अर्ध्या मिनिटात कळलेलं असतं आणि सूचनेचा एक शब्दही वाचावा लागलेला नसतो. मियामोतो आणि तेझुका यांनी पुढे एका मुलाखतीत या पातळीमागचा विचार असाच टप्प्याटप्प्यानं सांगितला आहे. इतकं कसलेलं शिकवणं मी फार कमी ठिकाणी पाहिलंय.

घाव बसण्यासाठी काळ थांबतो

आता पुन्हा वजनाच्या प्रश्नाकडे येऊ. पडद्यावरची तलवार म्हणजे प्रकाशाचे ठिपके. ती समोरच्याला लागली, हे खेळणाऱ्याच्या अंगाला कसं कळावं? निर्मात्यांनी यावर शोधलेला उपाय ऐकला, तेव्हा मी थक्क झाले होते. वार बसला, की ते काळच थांबवतात. मारणारा आणि मार खाणारा, दोघंही काही फ्रेम जागच्या जागी थिजतात आणि मग हालचाल पुढे सुरू होते. याला 'हिटस्टॉप' म्हणतात. हलक्या ठोशाला थोड्या फ्रेम, जड घावाला जास्त. खेळताना हे थांबणं डोळ्यांना वेगळं असं दिसत नाही. दिसतं ते शस्त्र कशात तरी अडल्याचं. 'सुपर स्मॅश ब्रदर्स'चे जनक मासाहिरो साकुराई यांनी गेम बनवण्याच्या कलेवर यूट्यूबवर छोट्या छोट्या चित्रफिती केल्या आहेत, त्यांत हा विषय फार छान समजावलाय. त्यांच्या गेममध्ये थिजलेल्या क्षणी मार खाणारा थरथरतो आणि मारणारा स्थिर असतो, त्यामुळे मार कोणाला पडला ते गर्दीतही कळतं. एखाद्या चांगल्या मारामारीच्या गेमची चित्रफीत एकेक फ्रेम पुढे ढकलून बघा, थांबलेला काळ उघड्या डोळ्यांनी दिसेल.

डोळ्यांना हे, आणि तळव्यांना थरथर. १९९७ पासून कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये ती रुळली. प्लेस्टेशनच्या जुन्या कंट्रोलरमध्ये दोन बारक्या मोटरी असत, प्रत्येकीच्या दांड्यावर एका बाजूला वजन. मोटर फिरली की वजनाचा तोल जाऊन कंट्रोलर थरथरे. एक मोटर जड, धडकेसाठी. दुसरी हलकी, बारीक कंपनासाठी. प्लेस्टेशन ५ च्या 'ड्युअलसेन्स'मध्ये मोटरींऐवजी स्पीकरच्या तत्त्वावर चालणारे कंपक आहेत. या कन्सोलसोबत मिळणाऱ्या 'ॲस्ट्रोज प्लेरूम' या गेममध्ये वाळूवरून चालणं, बर्फावरून घसरणं आणि डोक्यावर पडणारा पाऊस, हे तळहातांना निरनिराळं जाणवतं.

क्रेटोसच्या कुऱ्हाडीचं कोडं इथे सुटतं. हादरा डोळ्यांना, आवाज कानांना आणि ठोका तळव्यांना, अशी तिघांची साक्ष एकाच वेळी येते. तीन साक्षी जुळल्या, की मेंदू पुढे चौकशी करत नाही. हातात जड वस्तू आली, असा निकाल देऊन टाकतो.

चुकून सापडलेली कला

या कलेतल्या काही मोठ्या गोष्टी चुकून सापडल्या आहेत. १९९१ साली कॅपकॉमचा 'स्ट्रीट फायटर २' तयार होत असताना निर्माते नोरिताका फुनामिझू गाडी फोडण्याच्या बोनस फेरीची तपासणी करत होते. एक ठोसा पुरता संपण्याआधीच दुसरा लागू शकतो आणि त्यांची सलग साखळी करता येते, असं त्यांना आढळलं. ही वेळ साधणं इतकं अवघड होतं, की खेळाडूंना ते जमणार नाही असं त्यांना वाटलं, म्हणून ते काढून न टाकता राहू दिलं. खेळाडूंनी ते साधलं. 'कॉम्बो' हा शब्द आज प्रत्येक गेमरच्या तोंडी आहे तो त्यामुळे. १९९३ च्या 'सुपर स्ट्रीट फायटर २'मध्ये तर कॉम्बो पडद्यावर मोजून दाखवायला सुरुवात झाली.

दुसरा प्रसंगही कॅपकॉममधलाच. 'ओनिमुशा' या सामुराई गेममध्ये एक बिघाड होता. हवेत उडालेल्या शत्रूवर वार करत राहिलं, तर तो खाली पडेचना, हवेतच झुलत राही. हिदेकी कामिया यांनी तो बघितला आणि आपल्या नव्या गेमसाठी तोच गाभा म्हणून घेतला. तो गेम म्हणजे २००१ सालचा 'डेव्हिल मे क्राय'. शत्रूला तलवारीनं वर उडवायचं आणि पिस्तुलांच्या गोळ्यांवर हवेतच झेलत ठेवायचं, ही त्याची नजाकत. नुसतं जिंकणं तिथे पुरत नाही. किती डौलात जिंकलात याची श्रेणी मिळते. मारामारीला लय, विविधता आणि संयम यांचे गुण देणारा हा गेम खेळताना मला पहिल्यांदा जाणवलं, की माझे अंगठे एखादं वाद्य वाजवावं तसे चालताहेत.

खेळाडूच्या बाजूनं बोललेलं खोटं

ॲक्शन गेम कठोर असतात, असा सार्वत्रिक समज आहे. आत डोकावलं तर दिसतं, की ते पावलोपावली खेळाडूला सांभाळून घेत असतात.

कॉन्ट्रा खेळलेल्यांना 'वर वर खाली खाली, डावीकडे उजवीकडे डावीकडे उजवीकडे, बी ए' ही बटणांची ओळ सांगावी लागणार नाही. तिनं तीन लाइफच्या तीस व्हायच्या. ही ओळ आधी १९८६ च्या 'ग्रॅडियस'मध्ये आली. कोनामीचे काझुहिसा हाशिमोतो तो गेम फॅमिकॉमवर आणत होते. तपासणीसाठी तो शेवटपर्यंत खेळणं त्यांना फार जड जाऊ लागलं, म्हणून त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी ही फट ठेवली.

आजचे निर्माते हे सांभाळणं फार सूक्ष्मपणे करतात. 'सेलेस्ट' हा २०१८ चा गेम एका मुलीच्या डोंगरचढाईचा, आणि अवघडपणासाठी प्रसिद्ध. त्याच्या निर्मात्या मॅडी थोर्सन यांनी त्यातल्या सवलती जाहीरपणे सांगितल्या आहेत. कड्यावरून पाय सुटल्यानंतरही काही फ्रेम तुम्हाला उडी मारता येते. कार्टूनमधला कायोटी कडा संपला तरी हवेत क्षणभर धावत राहतो, त्यावरून याला 'कायोटी टाइम' म्हणतात. जमिनीला पाय टेकण्याच्या जरा आधीच बटण दाबलं गेलं, तर गेम ते लक्षात ठेवतो आणि पाय टेकताच उडी मारतो. डोकं एखाद्या कोपऱ्याला निसटतं लागलं, तर तो तुम्हाला अलगद बाजूला सरकवून वर जाऊ देतो. खेळणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. 'अगदी कडेवरून मारली की नाही!' एवढाच आनंद त्याला होतो.

मारामारीतही असंच. दहा शत्रू घेरून उभे असले, तरी पुष्कळ गेममध्ये एका वेळी एखाददुसऱ्यालाच हल्ल्याची परवानगी मिळते. बाकीचे दात-ओठ खात गोल फिरत राहतात. 'रेसिडेंट ईव्हिल ४' हा २००५ चा गेम तर तुम्ही कसे खेळताय ते मागे बसून पाहत असतो आणि अडखळलात तर न सांगता थोडा सोपा होतो.

या सवलती न्याय्य आहेत, असं माझं ठाम मत आहे. मनात आलेलं अंगठ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. कंट्रोलरपासून कन्सोल, कन्सोलपासून टीव्ही, या प्रवासातही काही फ्रेम जातात. नवे टीव्ही चित्र सुंदर करण्याच्या नादात आणखी उशीर करतात. म्हणूनच त्यांच्यात 'गेम मोड' असतो आणि खेळताना तो चालू ठेवायचा असतो. हा सगळा उशीर वजा करून गेम तुमचा हेतू ओळखतो आणि त्यावर निकाल देतो.

जे अजून घडलेलं नाही ते पाहणं

माणसाला काहीतरी दिसून त्यावर बोट हलायला साधारण पाव सेकंद लागतो, सरावलेल्याला थोडा कमी. म्हणजे १२ ते १५ फ्रेम. ॲक्शन गेममधले कित्येक वार त्याहून झटपट येतात. मग ते अडवले जातात कसे?

याचं उत्तर मला 'सेकिरो'नं शिकवलं. 'डार्क सोल्स'चे कर्ते हिदेताका मियाझाकी यांनी फ्रॉमसॉफ्टवेअरमध्ये केलेला हा २०१९ चा गेम. युद्धांनी होरपळलेल्या जपानमधला एक हात गमावलेला निंजा त्याचा नायक. शत्रूचा वार अंगावर येण्याच्या नेमक्या क्षणी तलवार आडवी धरली, तर खणखणीत नाद उठतो, नारिंगी ठिणग्या उडतात आणि शत्रूचा तोल ढळत जातो. तलवार नुसती धरून उभं राहिलं, तर आवाज बोदा येतो आणि आपलाच तोल खचतो. घाबरून बटण बडवत सुटलं, तर गेम अडवण्याची वेळ आणखी अरुंद करतो. आशिना किल्ल्याच्या माथ्यावर गेनइचिरो नावाच्या सरदाराशी झुंजताना माझ्या ध्यानात आलं, की मी त्याची तलवार पाहतच नाहीये. मी पाहतेय त्याचा खांदा, धनुष्य सावरणारा हात, पायाची उचल. वार सुरू होण्याआधीच मला तो दिसलेला असतो, आणि त्याच्या तालात माझा अंगठा आपोआप पडत असतो.

क्रिकेटमध्ये हेच घडतं. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू फलंदाजापर्यंत सुमारे अर्ध्या सेकंदात पोचतो. मायकेल लँड आणि पीटर मॅकलिऑड या शास्त्रज्ञांनी फलंदाजांच्या नजरेचा अभ्यास करून २००० साली दाखवलं, की फलंदाज चेंडूचा सलग पाठलाग करत नाही. चेंडू सुटताना तो बघतो आणि मग नजर थेट पुढे, टप्पा पडेल त्या जागी नेऊन ठेवतो.

म्हणूनच चांगल्या ॲक्शन गेममधला प्रत्येक शत्रू वार करण्याआधी त्याची खूण देतो. ती खूण किती वेळ द्यायची, यात निर्मात्याची सगळी प्रतिभा. २०२२ च्या 'एल्डन रिंग'मधला मार्गिट हातातली काठी उगारतो आणि तशीच धरून ठेवतो. उगारली की पडणार, या सवयीनं खेळाडू घाईघाईनं लोळण घेतो. लोळण घेताना काही फ्रेम कुठलंच शस्त्र लागत नाही. पण त्या फ्रेम संपतात आणि काठी मग खाली येते. मार्गिटला हरवायचं, तर आधी स्वतःच्या अधीरपणाला हरवावं लागतं.

झोपेत सुधारणारे अंगठे

रात्री काही केल्या न हरणारा 'बॉस', म्हणजे गेममधला बडा शत्रू, सकाळी चहाच्या आधी हरतो, हा अनुभव बहुतेक गेमर सांगतील. त्याच्याशी जुळणारं संशोधन आहे. मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी २००२ साली लोकांना बोटांनी एका ठरावीक क्रमानं कळा दाबायला शिकवलं. एका रात्रीच्या झोपेनंतर, मध्ये अजिबात सराव न करता, त्यांचा वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढलेला आढळला.

त्याच्या पुढच्याच वर्षी रॉचेस्टर विद्यापीठातल्या शॉन ग्रीन आणि डॅफ्नी बाव्हेलिए यांचा शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला. ॲक्शन गेम खेळणाऱ्यांचं नजरेचं अवधान इतरांपेक्षा सरस होतं. न खेळणाऱ्यांना दहा दिवस रोज तासभर ॲक्शन गेम खेळायला दिल्यावर त्यांच्यातही सुधारणा झाली. टेट्रिस खेळलेल्यांत तेवढी झाली नाही. हा फायदा किती मोठा आणि रोजच्या जगण्यात किती उतरतो, यावर संशोधकांमध्ये अजून वाद चालू आहे. मला या अभ्यासात भावतं ते एवढंच, की ज्याला आपण हाणामारी म्हणून उडवून लावतो, तिथे मेंदू एका कठीण कामाला जुंपलेला असतो.

पुण्यातून निघालेली राजी

ही कला जपान-अमेरिकेचीच आहे, असं समजायचं कारण नाही. २०२० साली पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूनं 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा ॲक्शन गेम कन्सोलवर आणला. असुरांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधत निघालेली सर्कशीतली मुलगी म्हणजे राजी. हातात त्रिशूळ, आणि गोष्ट सांगायला दुर्गा आणि विष्णू. २०१७ साली लोकवर्गणीतून पैसे उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी काम सोडलं नाही. जगभरच्या 'द गेम अवॉर्ड्‌स'मध्ये नव्या स्वतंत्र निर्मात्यांच्या पहिल्या गेमसाठी जे पाच नामांकित झाले, त्यांत राजी होती. खांबाला हात घालून गरगर फिरत शत्रूंच्या घोळक्यात घुसणारी राजी बघताना मला त्यात डोंबाऱ्याच्या पोरीची चपळाई दिसते. ती परक्या मातीतली वाटत नाही. आपल्याकडे कसरत आहे, मल्लखांब आहे, तालमी आहेत, लेझीम आहे. देहाला लय लावण्याचं इतकं भांडार असलेल्या मुलखातून आणखी ॲक्शन गेम यायला हवेत.

तुमच्या घरात कोणी कंट्रोलर घेऊन बसलं असेल, तर आधी डब्यावरची वयाची खूण तपासा. क्रेटोस आणि सेकिरो मोठ्यांसाठीच आहेत. मग शेजारी बसा आणि विचारा, 'तो वार येणार हे तुला आधी कसं कळलं?' उत्तर ऐकण्यासारखं असेल. आणि स्वतः कधीच खेळला नसाल, तर टीव्हीचा गेम मोड लावा आणि मारिओची पहिली पातळी खेळून बघा. पहिला गुंबा तुम्हाला मारेल. दुसऱ्यांदा तुम्ही उडी माराल.